उतारपाठ्या

चिडियाघराच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली सिमेंटचा बाक. माझ्या सगळ्या लहानपणात आई त्या बाकाच्या पुढे कधी गेली नाही. पिशव्या टेकवायची, शाल सारखी करायची आणि म्हणायची, "तुम्ही जाऊन या. माझा गुडघा दुखतोय." तेव्हा ती तिशीतली होती. करोल बागेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना ती दिवसातून दहा वेळा चढायची-उतरायची. पण त्या वयात मला यात काही खटकलं नाही. आईचा गुडघा चिडियाघरात दुखतो, एवढं मला माहीत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

म्हणून या फेब्रुवारीत, द्वारकेच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मटार सोलताना ती सहज म्हणाली, "मला एकदा चिडियाघरात आत जायचंय," तेव्हा मी शेंग हातात धरून नुसती बसून राहिले. आई आता ब्याऐंशीची आहे. गुडघा आता खरोखरच गेलाय. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"आता? आणि चालणार कशी तू?"

"आत बॅटरीवाली गाडी असते म्हणे. समोरच्या भाभी सांगत होत्या. तनूलाही नेऊ. रविवारी येतेच आहे ना ती."

तनू ही माझ्या मुलीची मुलगी, सहा वर्षांची, गाझियाबादला राहते. मी तिची नानी आणि माझी आई तिची बडी नानी. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. मी तिला कधी टोकत नाही. टोकायचा माझा अधिकार फार पूर्वी संपला, आणि तो कसा संपला हे आईला माहीत नाही अशी माझी समजूत होती.

दिल्लीचा हिवाळा मला आधी नाकाला आठवतो. ट्रंकेतून काढलेल्या रजयांचा डांबराच्या गोळ्यांचा वास, गल्लीत भट्टीवर भाजणाऱ्या शेंगांचा वास, आणि धुकं विरून ऊन पडलं की गच्चीवरच्या ओल्या लोकरीला येणारा तो उबट, कुबट वास. अशा एखाद्या रविवारी बाबा खिडकीशी उभे राहायचे, मफलर दोनदा गुंडाळायचे आणि म्हणायचे, "आज ऊन छान पडलंय." ते वाक्य म्हणजे हुकूम होता. आई मागे न बघता पुऱ्यांचं पीठ भिजवायला घ्यायची. तिखटामिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, आणि पिशवीच्या तळाशी संत्री. संत्री मामाकडून यायची, गोंदियाहून, पेंढ्यात बांधलेली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्या बाजूच्याच एका जंगलालगतच्या गावात आईचं माहेर होतं.

बाबांचं तसं काही गाव नव्हतं. त्यांचे वडील सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. बाबा करोल बागेत जन्मले, शाळेत हिंदी शिकले, ऑफिसात इंग्रजी लिहीत राहिले. मराठी त्यांच्या वाट्याला आली ती स्वयंपाकघरातून आणि देवघरातून, म्हणजे वाटीपुरती आणि आरतीपुरती. ही त्यांची दुखरी जागा होती. मी "बाबा, चलो ना, मला भूक लगी आहे" असं काही बोलले की ते रागावायचे नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायचे. मला त्या चष्मा पुसण्याची भीती वाटायची.

चिडियाघरात त्यांचे दोन नियम होते. पहिला म्हणजे आधी घरचे, मग पाहुणे. घरचे म्हणजे आपल्या देशातल्या रानातले. जिराफ, झेब्रा, पाणघोडा हे सगळे पाहुणे. झाडांच्या शेंड्यांवरून जिराफाची मान दिसायची, बाकीची मुलं तिकडे धावत सुटायची, आणि बाबा माझा हात धरून मला चितळांकडे वळवायचे. "त्यांना बघायला जग येतं," ते म्हणायचे. "आपल्यांना कोण बघणार?" पाहुण्यांची पाळी येईतो फाटकाची घंटा व्हायची. जिराफाचे पाय मी कॉलेजात गेल्यावर पाहिले.

दुसरा नियम संत्र्याचा. जाळीपाशी उभं राहायचं. प्राणी दिसेपर्यंत थांबायचं, मग तो कितीही वेळ कोपऱ्यात दडो. दिसला की त्याला मराठी नावाने हाक मारायची. हाक बरोबर असली की बाबा कोटाच्या खिशातून संत्र्याची एक फोड काढून हातावर ठेवायचे. हिंदी नाव घेतलं तर फोड नाही. चितळाला एक फोड, सांबराला एक, अस्वलाला एक. अजूनही संत्रं सोललं की मला आधी प्राण्यांचा वास येतो. ओलं गवत, शेण, बिबट्याच्या पिंजऱ्याचा नाकात चढणारा उग्र दर्प, आणि त्यावर उडालेले सालीचे बारीक तुषार.

काही नावं मला वर्गात कुणाला माहीत नव्हती म्हणून विशेष प्यारी होती. अंगावरचे काटे वाजवत फिरणारा तो खुळखुळ्या. पान हललं तरी आखडून उभं राहणारं ते बारकं तांबूस हरीण दचक्या. आणि सगळ्यांत आवडता उतारपाठ्या. पुढून उंच, मागून ठेंगणा, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ, आणि चालताना कुणी पाठीवर ओझं ठेवून विसरून गेल्यासारखा. त्याच्या जाळीपाशी गर्दी नसायची. घाण वासामुळे बायका पदर नाकाला लावून पुढे जायच्या. बाबा मात्र तिथे सगळ्यांत जास्त वेळ थांबायचे, आणि का कोण जाणे, हसायचे.

मी बारा वर्षांची असताना आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, माझा आवडता प्राणी. पोरांनी गाय, मोर, हत्ती घेतले. मी उतारपाठ्या घेतला. पाच मिनिटं मी उतारपाठ्याची पाठ, उतारपाठ्याची चाल आणि उतारपाठ्याचा एकटेपणा यांवर बोलले. सभागृहात गंभीर शांतता होती. आता मला त्या शांततेचा अर्थ कळतो. तिथे बसलेला प्रत्येक जण तीस-तीस वर्षं दिल्लीत काढलेला, आणि प्रत्येकाला मनातून वाटत असणार की हा अस्सल शब्द आपणच विसरलो, आता विचारायचं कसं? कुणी विचारलं नाही. मला दुसरा क्रमांक आणि स्टीलचा पेला मिळाला. एक जाड चष्म्याच्या काकू तर माझा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, "उतारपाठ्या. किती वर्षांनी कानावर पडला गं हा शब्द. आमची आजी म्हणायची."

बाबा त्यांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मामा काही कामासाठी दिल्लीला आला. रविवार होता, ऊन छान पडलं होतं. आई बाकावर बसली, तिचा गुडघा दुखत होता. आम्ही तिघं आत गेलो. मी मामाला दाखवायला पुढे पुढे पळत होते. उतारपाठ्याच्या जाळीशी पोचले, तो समोरच उभा होता, मी मोठ्याने हाक मारली आणि बाबांच्या खिशाकडे हात पसरला.

"काय म्हणालीस?" मामाने विचारलं.

"उतारपाठ्या."

मामा हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो भला माणूस होता. "नाही जी भाऊजी, हे तर तरस होय. आमच्या गावामागच्या पहाडीत राहते. असं नाव नाही ऐकलं बा कधी." मग तो उत्साहाने सांगतच सुटला. खुळखुळ्या म्हणजे साळिंदर. दचक्या म्हणजे भेकर. मी बाबांकडे पाहिलं. ते हातातल्या फोडीचे पांढरे दोरे काढत होते, एक एक करून, फार लक्ष देऊन.

मला आधी लाज वाटली, मग त्या पेल्याची आठवण झाली आणि डोकं तापलं. मी म्हणाले, "तुम्हालाच मराठी येत नाही, तर मला शिकवता कशाला? मनाला येईल ते नाव ठेवायचं आणि मला सगळ्यांसमोर उभं करायचं. लोक माझ्यावर हसत असतील. तुमच्याकडून शिकण्यापेक्षा न शिकलेलं बरं."

मामा म्हणाला, "अगं पोरी." बाबांनी फोड रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

यानंतर काय झालं असं विचाराल तर काहीच झालं नाही. घरात ओरडाआरडा नाही, अबोला नाही. फक्त बाबा शब्द जपून वापरायला लागले. बोलता बोलता थांबायचे आणि स्वयंपाकघराकडे मान करून विचारायचे, "अगं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" आई सांगायची, मग ते वाक्य पुरं करायचे. आधी ते असं कधी विचारत नसत. तो स्टीलचा पेला मी माळ्यावर फेकला होता. तो त्यांनी खाली आणला आणि शेवटपर्यंत त्यातूनच पाणी पीत राहिले. रविवारी खिडकीशी उभं राहून "आज ऊन छान पडलंय" हेही ते म्हणत राहिले, कितीतरी हिवाळे. मी पुस्तकात डोकं घालून बसायची. ऊन पडलंय तर पडू दे, असं वाटायचं. माफी मागायची राहून गेली. आधी वय आड आलं, मग लग्न, मग त्यांचं आजारपण, आणि शेवटी इतकी जुनी गोष्ट कशाला उकरायची हा शहाणपणा.

तर रविवारी आम्ही निघालो. मेट्रोत तनूने खिडकीची जागा धरली, आई माझ्या दंडाला धरून ताठ बसली. तिने बाबांचा तो मफलर घेतला होता. कडुनिंब होता तिथे आता दुसरंच झाड आहे, बाकाला फरशा लावल्यात. आईने बाकाकडे पाहिलं, एखाद्या जुन्या शेजारणीकडे पाहावं तसं, आणि म्हणाली, "बराच बसले गं मी इथे." मग बॅटरीच्या गाडीत चढली.

तळ्याकाठच्या झाडांवर रंगीत करकोच्यांची पिल्लं मोठी झाली होती, चोचींचा खडखडाट चालला होता. मागे शेजारच्या जुन्या किल्ल्याची भिंत उन्हात पिवळी पडली होती. आणि आई बोलायला लागली. मी तिला इतकं बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. नीलगाय दिसली तशी म्हणाली, "हे रोही. धानाच्या बांधीत शिरायचे, आम्ही डबे वाजवायचो." पुढे एक बारकं तांबूस हरीण आखडून उभं होतं. "भेकर. कुत्र्यासारखं भुंकतं, संध्याकाळी आईला वाटायचं कुणी आलं दारात." साळिंदराच्या खोलीपाशी गाडी थांबली तेव्हा ती काट्यांचा आवाज डोळे मिटून ऐकत होती.

"आई, तुला ही सगळी नावं येत होती?"

"न यायला काय झालं? जन्म गेला माझा तिकडे."

"मग बाबांना का सांगितली नाहीस?"

ती गाडीवाल्याला म्हणाली, "भैया, वो लकड़बग्घा किधर है? वहाँ ले चलो."

गाडी थांबली. मी तिला उतरवून जाळीपाशी कठड्याला टेकून उभं केलं. आत मातीचा उंचवटा होता, थोडं गवत, तरस काही दिसत नव्हतं. वास मात्र तोच. तनू कठड्याच्या नळीला लोंबकळत होती. मग आईने सांगितलं, जाळीकडे बघतच.

"लग्न होऊन आले तो हिवाळा. मला करमायचं नाही इथे. भाषा कळायची नाही, झाडं नाहीत, दिवसभर रडायची. तर एका रविवारी म्हणाले, चल, तुझ्या गावचे लोक दाखवतो. इथे आणलं. चितळ झालं, अस्वल झालं, मी आपली मान खाली घालून. इथे येऊन उभे राहिले आणि गप्प झाले. मला कळलं, यांना नाव येत नाहीये, आणि मला विचारायचं नाहीये, कारण मी रडतेय. मग एकदम म्हणाले, हा बघ, हा उतारपाठ्या. इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसू फुटलं. दिल्लीत आल्यावर पहिल्यांदा हसले मी. मग पुढची नावं त्यांनी मुद्दाम ठेवली, मी हसावं म्हणून."

"आणि बाक? गुडघा?"

"गुडघ्याला काय झालं होतं माझ्या? तू झालीस, तुलाही तीच नावं शिकवायला लागले, अगदी मास्तरासारखे. मी बरोबर असले की मला हसू आवरायचं नाही. त्यांची पोल खुलली असती. म्हणून बसायची."

त्या दोघांची ती गंमत होती, आणि मी तिच्यावर पाय देऊन उभी राहिले होते. मला तिथेच सांगावं लागलं. जे बाबांना सांगायचं होतं ते आईला सांगितलं. मामा आला होता तो दिवस, आणि मी काय बोलले ते, शब्दन् शब्द. चव्वेचाळीस वर्षांत त्यातला एकही शब्द मी विसरले नव्हते.

"माहीत आहे," आई म्हणाली. "त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगी आज केवढं मराठी बोलली. एका दमात, चार वाक्यं, मध्ये हिंदीचा एक शब्द आला नाही." ती थांबली. "मग रडले थोडे. लागलं होतं त्यांना, नाही कसं म्हणू. पण आधी हे म्हणाले."

मी तिच्या खांद्यावरून घसरलेला मफलर सारखा केला.

"आणि तू काही पुन्हा चिडियाघरात चला म्हणाली नाहीस," आई म्हणाली. "ते दर रविवारी ऊन पडलंय ऊन पडलंय म्हणायचे, ते काय मला सांगायचे?"

उंचवट्यामागे हालचाल झाली. आधी दोन कान आले, मग आयाळ, मग ती लांबलचक उतरती पाठ. म्हातारं असावं, एका पायाने जरा लंगडत होतं. आमच्याकडे बघत ते जाळीला समांतर चालायला लागलं.

"बडी नानी, ये क्या है?" तनूने विचारलं.

आईने ऐकलं. तिला नाव येत होतं, तिच्या गावामागच्या पहाडीत ते राहत होतं. पण ती तनूकडे वळलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, भुवया किंचित वर करून, मी पाढे म्हणताना बघायची तशी.

मी हाक मारली. "उतारपाठ्या."

आई हसली. आधी मफलर तोंडावर धरून, मग धरवेना म्हणून तशीच. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, एका हाताने तिने कठडा घट्ट पकडला होता. इतकी वर्षं बाकावर बसून जे हसू तिने लपवलं, ते मी पहिल्यांदा ऐकत होते. तरस थांबून आमच्याकडे बघायला लागलं.

मग तिने शालीच्या आत हात घातला. आत खाण्याचं आणू नये अशी पाटी फाटकावर आम्ही दोघींनी वाचली होती. तिने सोललेलं संत्रं बाहेर काढलं, एक फोड मोकळी केली, तिचे पांढरे दोरे सावकाश काढले आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मुझे भी दो ना," तनू म्हणाली.

"आधी हाक मार," आई म्हणाली.